नोकरी सोडावी का? एकाच कॉलेजातल्या चार डॉक्टरांची चार उत्तरे

आखातात दहा-पंधरा वर्षे काढलेल्या बहुतेक मराठी घरांत एखादी वही, एखादी पेटी किंवा संगणकातले एखादे फोल्डर असते. कोणाचे नाटक अर्धे लिहून झालेले असते, कोणी आजोळच्या देवळाचा इतिहास जमवत असतो, कोणाला गावाकडे आमराई लावायची असते, कोणी चाळिशीनंतर पुन्हा पेटी शिकायला घेतलेली असते. नोकरी चांगली चाललेली असते. पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत येतो, मुले शाळेत असतात. तरीही शुक्रवारी दुपारी जेवणानंतर (२०२२ पासून सुट्टी बदलली, म्हणून आता शनिवारी म्हणू या) तो विषय निघतोच. "एकदा ही नोकरी सोडावी आणि ते काम पुरे करून टाकावे." मग कोणीतरी शाळेच्या फीचा आकडा सांगते, तेवढ्यात चहा येतो आणि विषय पुढच्या शनिवारपर्यंत मिटतो.

मंडळाच्या संपादकांनी "डॉक्टर, आरोग्यावर काहीतरी लिहा" असे सांगितले, तेव्हा मधुमेह आणि रक्तदाब यांना यंदा सुट्टी द्यायचे मी ठरवले. या प्रश्नाने झोप उडालेली माणसे माझ्यासमोर बसतात. त्यांचे ई.सी.जी. चांगले असतात, साखर ठीक असते, आणि शेवटी उठता उठता ते म्हणतात, "मॅडम, खरे सांगायचे तर नोकरी सोडावीशी वाटते." तेव्हा हा विषय आरोग्याच्या बाहेरचा आहे असे मला वाटत नाही.

आम्ही डॉक्टर मंडळी एखाद्या आजाराचा अभ्यास करायचा झाला तर आधी केसेस मांडतो. इथेही तेच करू. गंमत अशी, की या प्रश्नाच्या चार नामवंत केसेस पुण्याच्या एकाच महाविद्यालयात सापडतात. बी. जे. मेडिकल कॉलेजात डॉ. श्रीराम लागू शिकले, डॉ. अनिल अवचट शिकले, डॉ. जब्बार पटेल शिकले आणि डॉ. मोहन आगाशेही शिकले. चौघांनाही वैद्यकीच्या पलीकडचे एक काम लागलेले होते, आणि चौघांनी त्याचे काय करायचे याची चार वेगळी उत्तरे दिली.

सर्वांत मोठी उडी डॉ. लागूंची. (देवाविषयीची त्यांची मते उघड होती, 'देवाला रिटायर करा' असे त्यांनी लिहिलेच होते. देवळाच्या उत्सवाच्या स्मरणिकेत आपले नाव पाहून ते नक्कीच हसले असते. असो.) त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजी साताऱ्याला, एका डॉक्टरांच्याच घरात झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर ते कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक झाले. पुण्यात काही वर्षे व्यवसाय केला, पुढच्या प्रशिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंडला गेले. साठच्या दशकात टांझानियात टाबोरा या गावी सर्जन म्हणून राहिले. म्हणजे परदेशातली नोकरी, परक्या मुलखातले घर, मनात मात्र मराठी नाटक, हे सगळे त्यांनी आपल्या आधी अनुभवले होते. १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी शस्त्रक्रियेची हत्यारे बाजूला ठेवली आणि वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकातून पूर्णवेळ व्यावसायिक नट म्हणून रंगभूमीवर उभे राहिले. २३ डिसेंबर १९७० रोजी 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला, आणि पुढचे आपण सगळे जाणतोच. १९७२ मध्ये 'पिंजरा' आला, १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये ते गेले तेव्हा त्यांना डॉक्टर म्हणून ओळखणारी पिढी जवळजवळ उरली नव्हती.

ही कथा आपण सहसा धाडसाची कथा म्हणून सांगतो. चांगला चाललेला सर्जन एक दिवस उठला आणि नट झाला! मला मात्र तारखांकडे पाहिले की वेगळे काही दिसते. पुण्यात भालबा केळकर आणि मित्रांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे आपली पी.डी.ए., सुरू झाली ती १९५१ मध्ये. नोकरी-व्यवसाय सुटला तो १९६९ मध्ये. मधली अठरा वर्षे हा माणूस दिवसा रोगी तपासत होता आणि भारतात असेल तेव्हा संध्याकाळी तालमी करत होता, पुण्यात पी.डी.ए.मध्ये आणि मुंबईत 'रंगायन'मध्ये. अठरा वर्षांत आपल्याला अभिनय येतो की नाही, प्रेक्षक बसतात की उठून जातात, दिग्दर्शक पुन्हा बोलावतात की नाही, हे सगळे कळून चुकते. ज्या दिवशी त्यांनी उडी मारली त्या दिवशी खाली पाणी किती खोल आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. आणि ही अठरा वर्षे त्यांना कोणी दिली? वैद्यकीनेच दिली. घरात पैसा येत होता म्हणून प्रायोगिक नाटक करता आले, गल्ल्याची चिंता न करता भूमिका निवडता आल्या.

मग प्रश्न असा, की अठरा वर्षे दोन्ही जमले, तर एकोणिसाव्या वर्षी का जमू नये? याचे उत्तर धंद्याच्या रचनेत आहे असे मला वाटते. हौशी नाटकाचे प्रयोग मोजके होतात. व्यावसायिक नाटकाचे तसे नसते. बस निघते, आज पुणे, उद्या सांगली, परवा बेळगाव, तिथून गोवा. रविवारी दोन-दोन प्रयोग. आता सर्जनचे काम पाहा. सकाळी शस्त्रक्रिया केली की संध्याकाळी रोग्याला पाहावेच लागते, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडावी लागते, रात्री नाकातून रक्त सुरू झाले तर धावावे लागते. ज्याने आज टॉन्सिल काढले तो उद्या कोल्हापूरच्या दौऱ्यावर जाऊ शकत नाही. ही दोन कामे एकमेकांत बसतच नाहीत. त्यांचा निर्णय जितका मनाचा होता तितकाच तो वेळापत्रकाचा होता.

डॉ. जब्बार पटेलांकडे आले की हे आणखी स्पष्ट होते. पंढरपुरात जन्मलेले पटेल बालरोगतज्ज्ञ झाले आणि पुणे-सोलापूर मार्गावरच्या दौंड या रेल्वेच्या गावात त्यांनी दवाखाना थाटला. पत्नी डॉ. मणी स्त्रीरोगतज्ज्ञ. त्याच काळात त्यांनी १९७२ मध्ये 'घाशीराम कोतवाल' बसवले, मग 'सामना', 'जैत रे जैत', १९७९ मध्ये 'सिंहासन', १९८२ मध्ये 'उंबरठा'. मराठी चित्रपटाचा इतिहास या नावांशिवाय लिहिता येत नाही, आणि तो घडवणारा माणूस दौंडमध्ये मुलांना तपासत होता. हे कसे जमले? चित्रपट दिग्दर्शकाचे काम टप्प्याटप्प्याने असते. चित्रीकरणाचे काही आठवडे पूर्ण द्यावे लागतात, मग ते संपते. पटकथेचे काम रात्री करता येते. मधल्या महिन्यांत दवाखाना चालतो, आणि घरात दुसरी डॉक्टर असली की तो बंदही पडत नाही. 'सामना' आणि 'सिंहासन' या दोन्ही चित्रपटांत डॉ. लागू आहेत, म्हणजे नोकरी सोडलेला डॉक्टर आणि न सोडलेला डॉक्टर कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना उभे होते. कामाच्या दर्जात फरक कोणाला दिसला?

डॉ. मोहन आगाशे यांनी तर नोकरी शेवटपर्यंत सोडली नाही. ससून आणि बी. जे. मध्ये ते मानसोपचार शिकवत राहिले, १९९१ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेच्या उभारणीत त्यांचा मुख्य वाटा होता, आणि 'घाशीराम'मधला त्यांचा नाना फडणवीस तर आपल्या डोळ्यांपुढे आहे. ज्या थिएटर अकॅडमीने ते नाटक पुढे चालवले तिथे बहुतेक सगळे नोकरदारच होते. सगळ्यांनाच दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असल्यामुळे कोणाची अडचण कोणाला समजावून सांगावी लागत नसे.

चौथी केस डॉ. अनिल अवचटांची, आणि माझ्या मते आपल्याला सर्वांत जास्त शिकवणारी. एम.बी.बी.एस. झाल्यावर त्यांनी वैद्यकी सोडली आणि हमाल, विडी कामगार, देवदासी, दुष्काळी गावे यांच्यावर लिहायला घेतले. अशा लेखनातून घर चालत नाही. घर चालले ते डॉ. सुनंदा अवचट यांच्या पगारावर. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. १९८६ मध्ये दोघांनी मिळून 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्यातही रोजचा भार त्यांचाच होता. अवचटांनी नोकरी केली नाही असे आपण म्हणतो. त्या घरात नोकरी होती, ती दुसऱ्याच्या नावावर होती, एवढेच! अवचटांनी हे कधी लपवले नाही, कृतज्ञतेने लिहिले. पण आपल्या घरांत एखादा उत्साही माणूस त्यांचे उदाहरण देतो तेव्हा सुनंदाताईंचे नाव सोयीस्करपणे गळते. घरात दोन पगार असतील तेव्हा "मी सोडतो" हे वाक्य खरे तर "तू धरून ठेव" असे असते. ते समोर बसून स्पष्ट बोलले पाहिजे. आखातातल्या बायकांच्या बाबतीत याची उलटी बाजूही मी रोज पाहते. बाई नवऱ्याच्या व्हिसावर असेल तर तिच्या नोकरीला वरखर्चाची नोकरी म्हणतात आणि तिच्या कामाला छंद. तिने सोडले काय आणि धरले काय, कोणी हिशेबच मांडत नाही.

डॉक्टर नसलेले एक उदाहरण दिल्यावाचून मला राहवत नाही. पं. वसंतराव देशपांडे कित्येक वर्षे पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरीला होते. एवढा मोठा गवई हिशेबाच्या फायली तपासत बसे! चाळिशी उलटल्यावर ते मोकळे झाले आणि डिसेंबर १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब म्हणून उभे राहिले. १९८३ मध्ये ते गेले. मोकळ्या गाण्याची वर्षे जेमतेम दोन दशकेसुद्धा मिळाली नाहीत. त्यांचे गाणे ऐकताना मला नेहमी वाटते की दहा वर्षे आधी सुटले असते तर? लागूंच्या अठरा वर्षांचे मी कौतुक केले, पण थांबण्याचीही किंमत असते आणि ती पगाराच्या पावतीवर छापलेली नसते. कंठ, गुडघे, डोळे, स्मरणशक्ती यांना मुदत असते. डॉक्टर म्हणून हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

आता पुणे सोडून आपल्या वाळूत येऊ. इथे हा निर्णय जास्त अवघड आहे, कारण नोकरीबरोबर राहण्याचा हक्कही बांधलेला असतो. पुण्यात नोकरी सोडलेला माणूस घरी बसतो. इथे नोकरीचा व्हिसा रद्द झाला की सवलतीचे ठरावीक दिवस मिळतात, आणि त्याच्या नावावर असलेल्या कुटुंबाच्या व्हिशांचाही प्रश्न उभा राहतो. गेल्या काही वर्षांत दारे थोडी उघडली आहेत हे खरे. डॉक्टरांसह अनेकांना दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळू लागला. २०२२ पासून पाच वर्षांचा ग्रीन व्हिसा आहे. तो स्वतंत्र काम करणाऱ्यांनाही मिळतो, पण त्यासाठी कामाचा परवाना, पदवी किंवा तिच्या तोडीची पदविका आणि मागच्या दोन वर्षांत स्वतंत्र कामातून वार्षिक ३,६०,००० दिरहमचे उत्पन्न किंवा आर्थिक क्षमतेचा पुरावा लागतो. म्हणजे सरकारही लागूंच्याच रीतीने विचारते, की आधी करून दाखवलेत का? पंचावन्न वर्षांपुढच्यांसाठी निवृत्तीचा व्हिसा आहे, त्यालाही बचतीची, मालमत्तेची किंवा मासिक उत्पन्नाची अट आहे.

पैशाचा हिशेब करताना आपली माणसे ग्रॅच्युइटीवर फार भिस्त ठेवतात, म्हणून तो एकदा कागदावर करू. ती मिळते मूळ पगारावर, हातात येणाऱ्या पगारावर नव्हे. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा आणि त्यापुढे वर्षाला ३० दिवसांचा मूळ पगार मिळतो, एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगाराहून जास्त नाही. समजा, एकाचा मूळ पगार १२,००० दिरहम आहे, म्हणजे दिवसाला ४००. दहा वर्षे नोकरी झाली. पहिल्या पाच वर्षांचे १०५ दिवस, ४२,००० दिरहम. पुढच्या पाच वर्षांचे १५० दिवस, ६०,००० दिरहम. एकूण १,०२,०००. पण भत्ते धरून त्याच्या हातात २०,००० येत होते आणि घरखर्च त्याच मापाने बसला होता. म्हणजे दहा वर्षांची पुंजी पाच महिन्यांत संपते. २०२२ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार कायद्याने राजीनामा देणाऱ्याची ग्रॅच्युइटी कापणे बंद झाले, ही चांगली गोष्ट. मात्र २०२३ पासून आपण सगळे जो बेकारीचा विमा भरतो तो नोकरी गेलेल्यांसाठी आहे, स्वतःहून सोडणाऱ्यांसाठी नाही. हे माहीत नसलेली सुशिक्षित माणसे मला भेटली आहेत.

'नटसम्राट'ची गोष्ट इथे सहज आठवते. गणपतराव बेलवलकर निवृत्त होतात आणि असलेले सगळे मुलांना वाटून टाकतात. पुढे काय होते ते आपण रडत रडत पाहिले आहे. निवृत्तीच्या नियोजनावर याहून कडक व्याख्यान कोणत्याही बँकेच्या अधिकाऱ्याने दिलेले नाही!

माझ्या व्यवसायात आणखी एक गाठ आहे. इथला वैद्यकीय परवाना चालू सरावावर टिकतो. सर्वसाधारणपणे दोन वर्षांहून जास्त खंड पडला तर परत येताना पुन्हा प्रशिक्षणाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. अभियंता, शिक्षक, हिशेबनीस यांनीही आपापल्या धंद्यात हे विचारून घ्यावे, की दोन वर्षांनी परत यायचे झाले तर दार उघडे असेल का, आणि कोणत्या पगारावर?

हे सगळे झाले हिशेबाचे. पण त्याच्या आधी निदान हवे. "नोकरी सोडावीशी वाटते" हे लक्षण आहे, रोग नाही. ताप जसा मलेरियाचाही असतो आणि साध्या सर्दीचाही, तसेच हे. काही जणांना काम बोलावत असते, तर काहींना फक्त आपला वरिष्ठ नकोसा झालेला असतो. दोन्हींत रोगी तेच वाक्य बोलतो. मी एक साधी गोष्ट विचारते. मागच्या लांब सुट्टीत त्या कामाचे काय केलेत? जो म्हणतो "सुट्टीत नुसता झोपलो, खूप बरे वाटले", त्याला विश्रांती हवी होती. त्याने खाते बदलून घ्यावे, रजा घ्यावी, रक्तातले ड जीवनसत्त्व तपासावे (एवढ्या उन्हाच्या देशात आपण ते कमी करून बसतो), पण नाटकासाठी म्हणून नोकरी सोडू नये. जो म्हणतो "तीन आठवड्यांत दोन प्रवेश लिहून झाले, बायको रागावली", त्याची केस वेगळी. वर्षानुवर्षे एक ओळही न लिहिता "वेळ मिळाला की लिहीन" म्हणणाऱ्याला वेळ देणे हे औषध नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. वेळ मिळाल्यावर तो पडदे बदलतो.

आता माझी स्वतःची केस, कारण दुसऱ्यांच्या केसेस मांडून डॉक्टरने निसटून जाणे बरे नाही.

मी एम.बी.बी.एस. मिरजेला केले. सांगली, जत, विजापूर, बेळगाव अशा सगळ्या बाजूंनी तिथे रोगी येत, आणि प्रत्येक जण दुखण्याला वेगळा शब्द आणी. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, तिडीक वेगळी. स्नायू रग लागल्यासारखे दुखतात, उसण भरते ती पाठीत, पोटऱ्यांत गोळे येतात त्याला कोणी वांब म्हणते. पोटात मुरडा येतो, तडस लागते, गुबारा धरतो, डचमळते. तापाच्या आधी कणकण असते आणि ताप उतरल्यावर अंगात कसर राहते. हे नुसते शब्दांचे वैभव नाही, यात निदान आहे. ठणका म्हटले की आत पू आहे का ते पाहावे. तिडीक म्हटले की नस आठवावी. "छातीत दुखत नाही हो, पण भरून आल्यासारखे होते" असे म्हणणाऱ्याचा ई.सी.जी. ताबडतोब काढावा. रोनाल्ड मेलझॅक या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने इंग्रजी रुग्णांचे वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावले आणि १९७५ मध्ये त्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. वेदना मोजण्यासाठी ती आजही जगभर वापरतात. मराठीत एवढे शब्द एका तालुक्यातच निघतील.

इथल्या दवाखान्यात मात्र हे शब्द दारातच गळून पडतात. बांधकामावरचा मुलगा मुकादमाकडून शिकलेल्या हिंदीत "दर्द है" म्हणतो, नर्सबाई 'पेन' लिहितात. तीन महिन्यांसाठी आलेली आई म्हणते "पायाला मुंग्या येतात", आणि मुलगा डॉक्टरांना इंग्रजीत सांगतो की घरात पेस्ट कंट्रोल झाले आहे! आपण हसतो. पण त्या आजींची साखर चारशे होती.

२००९ पासून मी हे शब्द वहीत लिहून ठेवते. शब्द, कोणत्या गावचा, बोलणाऱ्याचे वय, आणि तपासाअंती निघालेला आजार. आजवर अकरा वह्या झाल्या. त्यांचा नीट कोश करायचा आहे. पण वीस-बावीस वर्षे इथे राहून आलेल्या माणसांचे शब्द झिजलेले असतात. कोश करायचा तर गावोगावी जाऊन सत्तर-ऐंशीच्या बायकांजवळ बसायला हवे, आणि ही माणसे थांबून राहणार नाहीत. मी ज्यांच्याकडून पहिल्या वहीतले निम्मे शब्द घेतले त्या माझ्या आईच्या शेजारच्या मावशी गेल्या वर्षी गेल्या. "मावशी, 'कसर' म्हणजे नेमके काय वाटते?" हे विचारायला आता तिथे कोणी नाही.

आमच्या घरात कायमचा पगार माझा आहे. यजमान कंत्राटी कामे घेतात. त्यात कधी भरती, कधी ओहोटी. मुलाच्या पदवीची दोन वर्षे बाकी आहेत, कोल्हापुरात सासूबाई आहेत. गोल्डन व्हिसा मिळाल्यामुळे राहण्याची काळजी नाही, पगाराची आहे. यजमान म्हणाले, "घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या तर आधी घरात पीठ किती आहे ते पाहू." आम्ही दोन रात्री कागद घेऊन बसलो.

मी पूर्ण राजीनामा दिला नाही. भीती होती, ती नाकारत नाही, पण कारण निराळे आहे. माझ्या कामाला रोजचे चार तास नकोत, त्याला सलग आठवडे हवेत. म्हणून अर्धवेळ नोकरीचा उपयोग नव्हता. आणि रोगी तपासणे सोडले तर शब्दाशेजारचा आजाराचा रकाना रिकामा राहील. लागूंना ऑपरेशन थिएटरमधून नाटकासाठी काही नेण्यासारखे नव्हते, मला दवाखान्यातूनच न्यायचे आहे. तेव्हा मी माझ्या दवाखान्याच्या व्यवस्थापनाकडे मागितली ती दरवर्षी तीन महिन्यांची बिनपगारी रजा, दोन वर्षांसाठी. उन्हाळ्यात इथली कुटुंबे गावी जातात आणि बाह्यरुग्ण विभाग ओस पडतो, हा मुद्दा त्यांना पटला. पगार वर्षाचा पाऊणपट झाला. त्यासाठी आम्ही लहान घरात राहायला गेलो आणि दुसरी गाडी विकली. परवान्यात खंड पडत नाही. मुलाची फी जाते. बचत मात्र या दोन वर्षांत शून्य, हेही कागदावर लिहिले आणि दोघांनी वाचले.

यंदाची पहिली फेरी जून ते ऑगस्ट झाली. मिरज, तासगाव आणि जत या तालुक्यांत. पाऊस होता, घरातली तरुण मंडळी शेतात आणि म्हाताऱ्या सोप्यावर, त्यामुळे बोलायला निवांत वेळ मिळाला. जतच्या बाजूला मराठी आणि कानडी एकाच वाक्यात येते, तिथले शब्द लावायला मला मदतनीस लागणार आहे. दोन वर्षांत कोश पुरा होईल का? आत्ताच्या गतीने नाही, बहुधा सांगली आणि सोलापूर एवढेच होईल. तेव्हा मुलगा कमावता झालेला असेल आणि आम्ही दोघे पुन्हा कागद घेऊन बसू. पूर्ण सोडायचे असेल तर तेव्हा.

तोवर एक विनंती. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मी वही घेऊन असेन. आपल्या आईच्या, आजीच्या तोंडचा दुखण्याचा एखादा शब्द आठवत असेल, तर गावाच्या नावासकट सांगा. खानदेश आणि तळकोकण या दोन भागांची पाने अजून जवळजवळ कोरी आहेत.